'फ्रेमिंग'ला मराठीत काय म्हणावे : चौकट, मांडणी की आणखी काही?

अनुवादक, कोथरूड : राष्ट्रीय वृत्तसंस्था समाजमाध्यमांवर निवडणुकीची बातमी कशी देतात, यावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद मी करीत आहे. त्यात 'फ्रेमिंग', म्हणजे एकाच घटनेतले काय पुढे आणायचे आणि काय मागे ठेवायचे याची निवड, पानोपानी येते. मी 'चौकट' लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'मांडणी' केले, आणि ते मला पटलेले नाही. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निकालाच्या दिवशी, 'भाजपचे बहुमत हुकले' आणि 'रालोआने बहुमताचा आकडा ओलांडला' ही दोन्ही वाक्ये खरी होती, कारण बहुमताला २७२ जागा लागतात, भाजपला २४० मिळाल्या आणि रालोआला, म्हणजे भाजपच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीला, २९३. यांपैकी कोणते वाक्य आधी टाकायचे आणि कोणते मागे ठेवायचे, ही निवड 'मांडणी' या शब्दात मला दिसत नाही.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ : 'चौकट'च ठेवावी. दाराला चौकट बसवली की बाहेरचे तेवढेच दिसते, बाकीचे भिंतीआड जाते. माध्यमांचे अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये 'फ्रेमिंग'ची फोड केली तीही निवड आणि ठळकपणा अशीच होती. सावरकरांचा 'महापौर' रुळला, मग 'चौकट' का रुळू नये?

निवृत्त उपसंपादक, नारायण पेठ : रुळेल, पण भलत्याच अर्थाने रुळलेली आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत 'चौकट' म्हटले की बातमीसोबतचा, रेघांत बांधलेला छोटा मजकूर, एवढाच अर्थ होतो. ज्यांच्याविषयी लेख आहे तेच गोंधळतील. पूर्वी पीटीआय या वृत्तसंस्थेची प्रत आमच्या टेबलावर येई आणि वाचकापर्यंत कोणता शब्द जायचा ते उपसंपादक ठरवी. २००४ च्या विधानसभा निकालाच्या रात्री मी 'आघाडीला आघाडी' असे शीर्षक दिले होते. वरिष्ठांनी लाल पेनाने दुसरी 'आघाडी' खोडून तिथे 'पुढे' लिहिले, मग वाक्य जुळेना म्हणून सगळेच शीर्षक काटले आणि चहा मागवला. आता संस्थेची ओळ परस्पर वाचकाच्या फोनवर जाते. आमचे टेबल मध्ये येतच नाही.

वाचक, औंध : खरा घोळ 'आघाडी'चाच आहे. भाजप-शिवसेनेची ती 'युती' आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची ती 'आघाडी', हे आपल्या कानात इतके बसले आहे की, 'राष्ट्रीय लोकशाही आघाडी' म्हणताना जीभ अडखळते. दिल्लीहून येणारा शब्द मात्र दोघांनाही एकच, 'अलायन्स'. म्हणजे पक्षाची बाजू अनुवाद करतानाच चिकटते. मुळात 'आघाडी' म्हणजे घोड्याचे पुढचे पाय बांधायची दोरी आणि 'पिछाडी' मागचे पाय बांधायची. इंग्रजीत निवडणुकीत कोण पुढे, कोण मागे एवढेच सांगणाऱ्या बातम्यांना घोड्यांची शर्यत म्हणतात. आपला तर शब्दच तबेल्यातला.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ : हे उलटे झाले. पुढचा भाग तो आघाडी, म्हणून त्या बाजूच्या दोरीलाही आघाडी म्हणत. दोरीवरून शब्द आलेला नाही. आणि मूळ प्रश्न 'फ्रेमिंग'चा होता.

वाचक, औंध : तबेला मी सोडणार नाही. 'फ्रेमिंग'ला माझ्या मते 'रंग देणे' पुरेसे आहे; वाड्यातली म्हातारी माणसेही भांडणाला रंग दिला म्हणत.

निवृत्त उपसंपादक, नारायण पेठ : रंग देण्यात हेतू येतो, लबाडी येते. वृत्तसंस्थेचा माणूस घाईत, सवयीने, चांगल्या मनानेही एक वाक्य आधी टाकतो. आणि अनुवादकांना एक विचारायचे आहे : 'बहुमत हुकले' हे तुमचे की मूळ लेखातले? नेम हुकतो, गाडी हुकते. जे हातात येणारच होते ते हुकते.

अनुवादक, कोथरूड : मुळात 'कमी पडले' अशा अर्थाचे क्रियापद होते. 'हुकले' माझेच आहे, आणि लिहिताना ते खटकलेही नाही. आता '३२ जागा कमी पडल्या' असे केले आहे. आकड्याला तरी बाजू नसावी.

वाचक, औंध : २७२ पासून मोजले तर ३२ कमी, २०१९ च्या ३०३ पासून मोजले तर ६३ कमी. कुठून मोजायचे ते कोणी ठरवले?

अनुवादक, कोथरूड : मजकूर सोमवारी द्यायचा आहे. तूर्त सगळीकडे 'फ्रेमिंग'च ठेवले आहे; बाईंचा फोन आला की कळवीन.