मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाकडून भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याचा प्राणायाम) कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलणं अगदी मोजकं. ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे आणि ती चालूच राहील. योगाने ऑटिझम 'बरा' करून देतो म्हणणाऱ्यांपासून मी लांब राहते. पण शाळेतून आला की तो फार अस्वस्थ असतो, रात्री झोप लवकर लागत नाही. अंग जरा सैल झालं, श्वास संथ झाला तरी मला पुष्कळ आहे.

आसनांची चित्रं कार्डांवर काढून भिंतीवर ठरावीक क्रमाने लावली आहेत: ताडासन, मार्जारासन, बालासन, शेवटी शवासन. एक आसन झालं की तो ते कार्ड उलटं करतो. हे त्याला मनापासून आवडतं. बालासनात पाठीवर तळहाताने घट्ट दाब दिला की शांत होतो. हलका स्पर्श मात्र अजिबात चालत नाही.

अडतं ते भ्रामरीपाशी. स्वतः दिवसभर गुणगुणतो, पण मी सुरू केलं की कान झाकून खोलीबाहेर पळतो. त्याला पूर्वी फिट आली होती, त्यामुळे कपालभाती किंवा श्वास रोखून धरण्याचे प्रकार मला नकोच आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलाचं असं होतं का? भ्रामरीऐवजी काय करून घेतलंत? पिसं फुंकणं, साबणाचे फुगे वगैरेंचा उपयोग झाला का? आणि डोंबिवली-ठाणे भागात पालकाला वर्गात सोबत बसू देणारे, मुलाचा हात धरून जबरदस्तीने आसन न करवणारे शिक्षक माहीत असतील तर कृपया कळवा.