अर्जाचं शेवटचं पान

नमस्कार मंडळी,
लेक यंदा सहावीत जाणार. घराजवळच्या ख्रिस्ती शाळेचं गणित चांगलं आहे म्हणतात. टेक्ससच्या नव्या शिष्यवृत्तीचे पैसे धार्मिक शाळेला चालतात का? आणि आपण हिंदू म्हणून प्रवेश अडेल का?
– डॅलसजवळची एक आई

ताई,
पैसे चालतात. २०२० मध्ये मोंटाना राज्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खासगी शाळांना मदत करायलाच हवी असं राज्यावर बंधन नाही; पण एकदा द्यायला घेतली, की केवळ धार्मिक म्हणून कुठल्या शाळेला वगळता येणार नाही. मेन राज्यातली धार्मिक शाळांना वगळणारी अटही याच न्यायालयामुळे २०२२ मध्ये गेली. आपल्याकडे २०२५ च्या कायद्यानं १ अब्ज डॉलर ठेवलेत. मुलामागे साधारण दहा हजार, तेही हातात न येता खात्यातून शाळेला जातात. शाळा मान्यताप्राप्त आणि निदान दोन वर्षं चाललेली हवी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र शाळेच्या हातात आहे. कुणाला घ्यायचं, प्रार्थना सक्तीची करायची का, हे तीच ठरवते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे जागा मिळाली, असं नाही.

आमच्या धाकट्याच्या वेळी सगळा अर्ज भरून झाला, लशींचा कागद जोडला, आणि शेवटच्या पानावर येशूवरच्या श्रद्धेची कबुली निघाली. खाली आईवडील दोघांच्या सहीची रेघ. ही म्हणाली, "रोज देवापुढे दिवा लावते, इथे खोटी सही कशी करू?" पेन तिथेच ठेवलं. दुसऱ्या शाळेत बुधवारी प्रार्थनेला नुसतं बसायचं होतं, ते आम्हाला चाललं.

लेकीला आयईपी, म्हणजे विशेष गरजांच्या मुलासाठी शाळेनं आखलेला वेगळा शिक्षण आराखडा, असेल तर फारच जपा. अशा मुलांना रक्कम तीस हजारांपर्यंत जाते, पण विशेष शिक्षणाचा कायदा खासगी शाळेला सरकारी शाळेसारखा लागू नाही.

मेनमध्ये सरकारी पैसे घेणाऱ्या शाळेनं भेदभाव करायचा नाही, असा नियम आहे. त्यावरून शाळा कोर्टात गेल्या. मला तो नियम रास्त वाटतो. कर आपण सगळेच भरतो.
– ह्यूस्टनचे काका

काका,
आजच त्या शाळेला फोन केला. कबुलीचं पान आहे, पण सहीची सक्ती नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. तेवढं ईमेलवर लिहून मागितलंय. आलं की कळवते.