डेंटिनवरील रेझिनची पकड कालांतराने क्षीण का होते?

प्रश्न : इनॅमलवर (दाताचे बाहेरचे कठीण आवरण) रेझिनची (दात भरण्याचे प्लास्टिकसारखे साहित्य) पकड वर्षानुवर्षे टिकते, मात्र त्याखालच्या डेंटिनवर सुरुवातीला मजबूत असलेली पकड पुढे कमी होते. यामागे केवळ ओलावा आहे का?

प्रतिसाद १ : ओलावा हे अर्धेच कारण आहे. इनॅमल जवळजवळ पूर्णपणे खनिजाचे असते. डेंटिनमध्ये आकारमानाने सुमारे ५० टक्के खनिज आणि उरलेले मुख्यतः कोलॅजेन (प्रथिनाचे तंतू) व पाणी असते. रेझिन लावण्याआधी ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाने खनिज विरघळल्यावर उघडे पडलेले कोलॅजेनचे जाळे रेझिनने भरून जो संकरित थर तयार होतो, त्याचे वर्णन जपानी संशोधक नाकाबायाशी यांनी १९८२ साली केले. परंतु आम्ल जितके खोल जाते तितके रेझिन पोहोचत नाही, आणि तळाशी उघडे राहिलेले तंतू डेंटिनमधीलच मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही विकरे (एन्झाइम) पाण्याच्या साहाय्याने हळूहळू तोडतात. ही विकरे सुप्त असतात. आम्लप्रक्रियेनेच ती जागी होतात, याकडे फार दुर्लक्ष होते.

प्रतिसाद २ : म्हणूनच काही जण २ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावतात. ते विकरांना रोखते, पण कोलॅजेनशी पक्के बांधले जात नसल्याने कालांतराने झिरपून जाते.

प्रतिसाद ३ : माझ्या मते फॉस्फोरिक आम्ल इनॅमलपुरतेच ठेवावे आणि डेंटिनवर एमडीपी (आम्लधर्मी फॉस्फेट असलेला रेझिन-घटक) असलेले सौम्य बाँडिंग एजंट (रेझिन चिकटवणारे द्रव) नीट चोळून लावावे, कारण एमडीपी शिल्लक राहिलेल्या खनिजातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते. त्यानंतर हवेच्या झोताने त्यातील द्रावक पूर्ण उडवणे अत्यावश्यक आहे. घाईत नेमकी हीच पायरी अपुरी राहते.