शब्दचर्चा : जर्मन खेड्यातल्या स्थानकाला ‘जंक्शन’ म्हणावे का?

प्रश्न : जर्मन मजकुराचा अनुवाद करताना ‘ट्रेनुंग्सबानहोफ’ (मार्ग जेथे विलग होतात ते स्थानक) हा शब्द आला. जागा आहे बव्हेरियातील नॉयेनमार्क्ट-विर्सबेर्ग, म्हणजे दोन लहान गावांच्या नावाने ओळखले जाणारे स्थानक. ‘जंक्शन’ लिहिले की मराठी वाचकापुढे मनमाड उभे राहते. ‘संगमस्थानक’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते ‘जंक्शन’च ठेवावे. बोली मराठीत ‘जंक्शन बेत’, ‘जंक्शन माणूस’ असे आपण दांडग्या, जबरदस्त गोष्टीबद्दल म्हणतो, त्यामुळे या शब्दाला मोठेपणाची छटा चिकटली आहे. परंतु रेल्वेच्या परिभाषेत त्याचा आकाराशी काहीही संबंध नाही. लोहमार्ग तीन दिशांना फुटत असतील तर ते जंक्शन, मग बाहेर बाजारपेठ असो वा शेत.

आपले उदाहरण तर या दृष्टीने फारच बोलके आहे. कुल्मबाखकडून येणारा मार्ग १८४६ मध्ये नॉयेनमार्क्टपर्यंत पोहोचला, १८४८ मध्ये तो पुढे होफकडे गेला आणि १८५३ मध्ये बायरॉइटची शाखा जोडली गेल्यावर हे स्थानक खऱ्या अर्थाने जंक्शन झाले. होफच्या दिशेने निघाल्याबरोबर ‘शीफे एबेने’ नावाचा चढ लागतो, ज्याचा शब्दशः अर्थ ‘तिरपी पातळी’ असा आहे. सुमारे ७ किलोमीटर चालणारा हा चढ साधारण ४० मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्यामुळे, वाफेच्या काळात जड गाड्यांना येथे मागून रेटा देणारे इंजिन, म्हणजेच ‘बँकर’, लावावे लागे. घाटाच्या पायथ्याशी जंक्शन आणि तेथेच बँकर जोडण्याची सोय, ही रचना कर्जत ठाऊक असलेल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. या इंजिनांसाठी उभारलेल्या शेडमध्ये १९७७ पासून वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय आहे. सांगायचे हे, की गाव लहान असले तरी रेल्वेच्या दृष्टीने स्थानक महत्त्वाचे होते, आणि ‘जंक्शन’ या शब्दाने त्या महत्त्वाला न्यायच मिळतो.

‘संगमस्थानक’ मला पटत नाही. संगमानंतर दोन नद्यांची एकच नदी होते. येथे मात्र एका बाजूने आलेल्या गाड्या दोन दिशांना पांगतात, आणि ‘ट्रेनुंग’ म्हणजे विलग होणे या शब्दात जर्मन माणसाने नेमके तेच पाहिले आहे. मजकूर तांत्रिक असेल तर पहिल्या उल्लेखात ‘मार्ग जेथे फुटतात ते जंक्शन’ असे एकदा लिहावे, पुढे नुसते ‘जंक्शन’ पुरे.

पुरवणी प्रश्न : त्याच मजकुरात ‘क्रॉयत्सुंग्सबानहोफ’ आणि ‘हाल्टेपुंक्ट’ हे शब्दही आहेत. पहिल्याला ‘क्रॉसिंग स्थानक’ म्हणू का?

उत्तर : येथे जपून पावले टाकावीत, कारण जर्मनमध्ये त्या शब्दाचे दोन अर्थ होतात. दोन मार्ग एकमेकांना छेदून जातात तेही ‘क्रॉयत्सुंग’ आणि एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांपैकी एक बाजूला थांबून दुसरीला वाट देते तेही ‘क्रॉयत्सुंग’. दुसऱ्या अर्थासाठी मराठीत तयार शब्द आहे: कोकण रेल्वेने जाणारा प्रत्येक प्रवासी ‘गाडी क्रॉसिंगला थांबली आहे’ असे सहज म्हणतो. पहिला अर्थ असेल तर मात्र ‘दोन मार्ग छेदतात ते जंक्शन’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर वाचक वेगळेच चित्र रंगवील.

‘हाल्टेपुंक्ट’साठी ‘थांबा’ हा शब्द नेमका बसतो. जर्मनीच्या १९६७ च्या रेल्वे बांधणी व परिचालन नियमांनुसार, किमान एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी जोडणी) असून जेथे गाड्या सुरू होऊ शकतात, संपू शकतात, एकमेकींना वाट देऊ शकतात किंवा उलट फिरू शकतात, ते ‘बानहोफ’, म्हणजे स्थानक. सांधाच नसेल, तर फलाटावर कितीही गर्दी असली तरी नियमांच्या भाषेत तो थांबाच राहतो. सामान्य जर्मन माणूस बोलताना हा भेद पाळत नाही. म्हणून पात्राच्या तोंडी ‘बानहोफ’ आल्यास सरळ ‘स्टेशन’ लिहावे आणि स्थानक व थांबा यांतला भेद निवेदनापुरता राखावा.