मदत हवी आहे: बिल्डरचं कर्ज विकलं, संसदेत प्रश्न कसा लावायचा?

बेसावासी
जरा लवकर सांगा, संसदेचं अधिवेशन तोंडावर आहे. बिल्डरचं कर्ज बुडालं, बँकेने ते सरकारच्या कंपनीला विकलं आणि आता आमच्या गेटवर नोटीस चिकटवली. फ्लॅटचे पैसे आम्ही भरून बसलो. कर्ज कितीला विकलं, कोणी ठरवलं, कोणी सांगत नाही. जनतेच्या पैशाची हमी आहे तर संसदेत जाब नको? खासदारांकडे काय घेऊन जायचं?

धरमपेठी
कोणती कंपनी? नोटीस सरफेसी कायद्याच्या (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) 13(2) ची, म्हणजे पैसे भरा सांगणारी, की 13(4) ची, म्हणजे ताब्याची? करारनामा रजिस्टर्ड आहे का? एवढं तरी सांगा भाऊ.

संत्रानगरी
डिसेंबरात अधिवेशन नागपुरातच असते ना! यशवंत स्टेडियमवर धरणं द्या. आमच्या ले-आऊटचा रस्ता असाच झाला.

ऑडिटवाला
ते विधिमंडळाचं अधिवेशन. बँकिंग केंद्राचा विषय आहे, तिथे बसून काय होणार?
बेसावासी, आधी कंपनी सरकारी आहे का ते पहा. केंद्राने 2021 मध्ये 30,600 कोटींची हमी दिली ती एनएआरसीएल या बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीच्या सिक्युरिटी रिसीटना (कर्जाच्या बदल्यात बँकेला दिलेल्या रोख्यांना), आणि तिथे 500 कोटींच्या वरची खाती जातात. बाकीच्या बहुतेक एआरसी, म्हणजे अशी कर्जं घेणाऱ्या कंपन्या, खासगी.
प्रश्नाला किमान 15 दिवसांची नोटीस लागते. तारांकित लागला तर सभागृहात पुरवणी प्रश्न विचारता येतात, अतारांकितला लेखी उत्तर. तुमच्या बिल्डरचं नाव घालू नका, रिझर्व्ह बँक कायद्याचं 45ई (कर्जदाराची माहिती गुप्त ठेवण्याचं कलम) दाखवून माहिती नाकारतात. एकूण किती कर्जं घेतली, किती वसुली झाली, हमीतून किती गेलं, असं विचारायला लावा.
आयर्लंडमध्ये नामा या सरकारी संस्थेने बँकांची 74 अब्ज युरोची कर्जं सुमारे 32 अब्जांना घेतली होती. उत्तर आयर्लंडमधल्या कर्जांचा गठ्ठा विकला त्यावर महालेखापालांचा अहवाल आला आणि संसदेच्या लोकलेखा समितीने (सरकारी खर्च तपासणारी) अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलं. आपल्याकडेही ही समिती आहे, 22 खासदारांची. तिने विचारायलाच पाहिजे.

सदरचा_वकील
आयर्लंड राहू द्या, यांचं घर चाललं आहे! 13(4) असेल तर त्याच कायद्याच्या कलम 17 खाली डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जायला 45 दिवस. संसदेच्या याचिका समितीचंही कोणी सुचवेल, पण कायद्यात दाद मागायची सोय असलेला विषय ती घेत नाही. सर्च रिपोर्ट (जागेच्या नोंदणीतल्या व्यवहारांचा) काढा. गहाणखत करारनाम्यानंतरचं असेल तर रेराचं 11(4)(एच) तुमच्या बाजूने आहे.

ऑडिटवाला
डीआरटी एक घर वाचवेल. पुढच्या टॉवरचं काय?

सदरचा_वकील
पुढच्या टॉवरची काळजी नंतर करू. मुदत गेली तर खासदार काय करतील?

गोधनीकर
माझं होमलोन दुसऱ्या बँकेत नेलं, व्याज अर्ध्या टक्क्याने उतरलं. तुम्हीही विचारून पहा.

बेसावासी
होमलोनचा प्रश्नच नाही इथे!! नोटीस 13(4) ची आहे, करारनामा रजिस्टर्ड. कंपनीचं नाव लिहायला वकिलांनी मना केलं आहे. गहाणखताचं माहीत नाही, उद्या सर्च रिपोर्ट काढतो. पण प्रश्न मी लावणारच. मसुदा कोणी पाहून देईल का?

ऑडिटवाला
टाका इथे, फ्लॅट नंबर काढून.

सदरचा_वकील
नोटिशीवरची तारीख सांगा आधी.