शोधनिबंधात चॅटबॉटची मदत कुठे नोंदवावी?

निवासी डॉक्टर, नागपूर:
नमस्कार. विदर्भातील सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्णांवरील माझ्या प्रबंधातून शोधनिबंध तयार करीत आहे. इंग्रजी सफाईदार व्हावे म्हणून चॅटजीपीटीची मदत घेतली. आकडेवारी आणि निष्कर्ष सर्वस्वी माझे आहेत. ही मदत नोंदवावी लागते का? शिवाय संदर्भसूचीही त्याच्याकडून करून घेतली तर चालेल का?

वैद्यकीय संपादक, धंतोली:
नोंदवावीच लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने (आयसीएमजेई) मे २०२३ मध्ये स्पष्ट केले की, मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी घेऊ शकत नसल्यामुळे चॅटबॉटला लेखक म्हणून स्थान देता येत नाही. लेखनातील मदत आभारात, तर विश्लेषणातील किंवा आकृत्यांमधील मदत कार्यपद्धतीच्या भागात नमूद करावी. संदर्भसूची मात्र त्याच्या हाती मुळीच देऊ नका. नावे, खंड, पृष्ठांक सारे बिनचूक दिसते आणि तो निबंध अस्तित्वातच नसतो! प्रत्येक संदर्भ पबमेडवर (वैद्यकीय निबंधांची ऑनलाइन सूची) स्वतः पडताळा. मूळ निबंध वाचलात तर सोन्याहून पिवळे.

सामाजिक वैद्यकशास्त्राचे अध्यापक:
भाषेच्या सफाईतही आशय बदलू शकतो, हे ध्यानात असू द्या. ‘हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरील औषध) घेणाऱ्या रुग्णांत वेदनेचे झटके कमी आढळले’ या वाक्याचे ‘हायड्रॉक्सियुरियामुळे झटके कमी झाले’ असे झाले, तर केवळ निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासाला न पेलणारा कार्यकारणाचा दावा तुमच्या नावावर जमा होतो आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात. रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, लहान गावाचा उल्लेख यांपैकी काहीही चॅटबॉटमध्ये टाकू नये.

निवासी डॉक्टर, नागपूर:
आभारी आहे. मार्गदर्शकांना दाखवून आभाराचा परिच्छेद आजच लिहितो.