जपान टूर आणि पाळी एकाच वेळी: पॅड इथून न्यायचे की तिथे घ्यायचे?

तांबडीमाती

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघी जपानला जातोय. मी, माझ्या दोन नणंदा आणि थोरल्या नणंदेची चौदा वर्षांची लेक. टोक्यो, हाकोने, क्योतो, हिरोशिमा असा ग्रुप टूर आहे. पैसे भरून झालेत, तारखा हलणार नाहीत. आणि हिशोबाने माझी पाळी नेमकी हाकोनेच्या मुक्कामात येतेय.

वय ४६. अलीकडे पाळीचा काही नेम राहिलेला नाही. आली की पहिले दोन दिवस अंगावरून इतकं जातं की एक्सएल पॅड दोन-अडीच तासांत बदलावं लागतं, रात्री एकापुढे एक दोन लावते. सोनोग्राफीत गर्भाशयात लहानसा फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, दिसलाय, डॉक्टर म्हणाल्या मेनोपॉज जवळ आलाय, घाबरण्यासारखं नाही. घरी असते तेव्हा मीही घाबरत नाही. पण अनोळखी देशात बसमध्ये तीन-तीन तास बसायचं म्हटल्यावर पोटात गोळा येतो.

टूरवाल्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा "मॅडम, तिकडे सगळं मिळतं" एवढं म्हणाला आणि घाईघाईने जैन जेवणाच्या सोयीकडे वळला. म्हणून इथे विचारतेय. आपल्या एक्सएल, डबल एक्सएलच्या तोडीचे पॅड तिथे मिळतात का? पाकिटावर सगळं जपानीत असणार, मग ओळखायचे कसे? वापरलेलं टाकायचं कुठे? हाकोनेला जपानी पद्धतीच्या हॉटेलात जमिनीवर गादी घालून झोपायचंय, तिथल्या पांढऱ्याशुभ्र चादरींचे फोटो पाहून धास्ती बसलीय. शिवाय तिथे गरम पाण्याच्या कुंडात सगळ्यांनी मिळून अंघोळ असते म्हणे, त्याचं काय? धाकट्या नणंदेचं मत, "गोळ्या घे आणि पुढे ढकल, आपण गणपतीत घेतोच की." अनुभव असेल त्यांनी मोकळेपणाने लिहा. पुरुष आयडींनी लिहिलं तरी चालेल, फक्त विनोद नकोत.

योकोहामाकर

ताई, पॅडची चिंता पहिली सोडा. इथे जपानमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट नाहीतर लॉसन असतं आणि बहुतेक चोवीस तास उघडं असतं. त्यांना इथे कोनबिनी म्हणतात. टूथब्रश, मोजे, मास्क ज्या फडताळावर असतात तिथेच पॅडची लहान पाकिटं असतात. पण तिथे दोन-तीनच प्रकार मिळतील. खरी खरेदी ड्रगस्टोअरमध्ये करायची. मात्सुमोतो कियोशी किंवा वेल्सिया अशी नावं दिसतील. तिथे पॅडची अख्खी भिंत असते. मात्र ही दुकानं रात्री बंद होतात, त्यामुळे टोक्योतच संध्याकाळी जाऊन घेऊन ठेवा. हाकोनेत डोंगरावर गेल्यावर दुकानं विरळ होतात.

ओळखायची खूण म्हणजे आकडा. पाकिटाच्या दर्शनी बाजूला पॅडची लांबी सेंटिमीटरमध्ये ठळक छापलेली असते. २०-२२ म्हणजे दिवसाचं साधं, ते भाचीला चालेल. २५ च्या आसपास म्हणजे दिवसाचंच, पण जास्त जाणाऱ्यांसाठी. ३० च्या वर गेलात की रात्रीचं, आणि ४० च्या पुढचेही मिळतात. आपलं एक्सएल साधारण २८ असतं, म्हणजे तुम्हाला दोन जोडायची वेळच येऊ नये. पाकीट गडद निळं किंवा जांभळं आणि त्यावर चंद्र-चांदण्या असल्या तर बहुधा ते रात्रीचंच. पंख असलेल्याला 'हाने-त्सुकि' म्हणतात, पण चित्रावरूनही कळतं.

सोफी आपल्याकडे मिळतं तीच कंपनी इथली, त्यामुळे नाव ओळखीचं वाटेल. दुसरं मोठं नाव लॉरिए. आणि एक धोक्याची सूचना: व्हिस्पर दिसलं म्हणून डोळे झाकून उचलू नका. इथे त्या नावाने जे मिळतं ते मुख्यतः खोकला-शिंक आली की लघवी गळते त्यासाठीचं असतं. त्याच भिंतीवर, अगदी शेजारी ठेवलेलं असतं. पाकिटावर 'सीसी'मध्ये आकडा लिहिला असेल तर ते लघवीसाठीचं समजा.

निळी_छत्री

+१. आणखी एक. दुकानात विचारायची वेळ आली तर 'नापुकिन' म्हणा, लगेच कळतं. गल्ल्यावरची मुलगी पॅडचं पाकीट आधी जाड कागदी पिशवीत घालेल, मग तुमच्या हातात देईल. प्लास्टिक पिशवीचे पैसे पडतात, ही कागदी मात्र फुकट. आपल्या मेडिकलवाल्याच्या वर्तमानपत्राच्या पुडीची आठवण येते अगदी. एवढं पुढारलेलं राष्ट्र, पण इथवर आलं की त्यांनाही लपवायचंच असतं.

तांबडीमाती

योकोहामाकर, फार फार आभार. ते सीसीचं मला आयुष्यात कळलं नसतं! टाकायचं कुठे ते मात्र राहिलं.

योकोहामाकर

हो, ते महत्त्वाचं आहे, कारण रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही. १९९५ मध्ये टोक्योच्या मेट्रोत सरिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरच्या आणि रस्त्यांवरच्या पेट्या मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या. पण बायकांच्या संडासात प्रत्येक खणात कमोडच्या बाजूला झाकणाची एक छोटी पेटी असते. काही ठिकाणी वर हात धरला की झाकण आपोआप उघडतं. पॅड नवीन पॅडच्या वेष्टनात गुंडाळून त्यातच टाकायचं. टॉयलेट पेपर मात्र कमोडमध्येच सोडायचा, पेटीत नाही. भाचीला हे दोन्ही आधीच सांगून ठेवा.

संडासांच्या बाबतीत इथे राज्य आहे म्हणा ना. स्टेशन, डिपार्टमेंट स्टोअर, मंदिराचा परिसर, सगळीकडे आणि फुकट. भिंतीवर बटणांची पाटी असते, त्यातलं एक दाबलं की नुसता पाणी वाहिल्याचा आवाज येतो. पाकीट फाडल्याची चरचर शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून बायका ते सर्रास दाबतात.

आत्याबाई

मी थोडं वेगळं सांगते. सगळं मिळतं हे खरं, पण ज्या बाईला इतकं जातं तिने ऐनवेळी नवीन ब्रँडचे प्रयोग करू नयेत. मला एका परदेशी पॅडने मांड्यांना अशी काही खाज सुटली होती की फिरणं बाजूला राहिलं. पहिल्या दोन दिवसांचे आणि दोन रात्रींचे स्वतःच्या सवयीचेच न्या. पॅडला वजन असतं कुठे? येताना त्याच जागेत खरेदी मावते.

त्यातले निम्मे केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग उशिरा पोचली तर? विमानात बऱ्याच कंपन्यांकडे पॅड असतात, हवाईसुंदरीकडे मागायला लाजू नका, पण ते पातळ असतात, तुमच्या कामाचे नाहीत.

आणि चादरीवर माझा उपाय: तान्ह्या बाळांखाली घालतात ते क्विक ड्राय शीट. वरून मऊ, खालून पाणी न झिरपणारं. घडी केली की टॉवेलपेक्षा लहान होतं. जपानी गादीवर आपल्या अंगाखाली अंथरायचं, सकाळी गुंडाळून बॅगेत. बाई खोली आवरायला यायच्या आत. डाग पडलाच तर गार पाणी, गरम अजिबात नाही, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

सावली२१

आत्याबाई, शीटची आयडिया भारीच. शिवाय चड्डीसारखे घालायचे पॅड असतात ना, ते रात्री वापरा. आता आपल्याकडेही मिळतात आणि जपानच्या ड्रगस्टोअरमध्येही असतात. त्यावर चित्रच चड्डीचं असतं, वाचायला नको. कूस बदलली तरी चिंता नाही.

मी पॅडऐवजी आत बसवायचा मेन्स्ट्रुअल कप वापरते. जपानमध्ये कपला अडचण एकच, बेसिन खणाच्या बाहेर असतं. पाण्याची लहान बाटली घेऊन आत जायचं. अपंगांसाठीच्या मोठ्या संडासात आतच बेसिन असतं, पण ते त्यांच्यासाठी मोकळं ठेवावं असं माझं मत. आणि कृपा करून हॉटेलच्या किटलीत कप उकळू नका! तुमच्यानंतर त्यात कोणीतरी चहा करणार असतं. घरून उकळून न्यायचा, परत आल्यावर उकळायचा, मध्ये नुसतं स्वच्छ पाण्याने धुवून चालतं. तांबडीमाती, तुम्ही कप कधी वापरला नसेल तर या टूरवर सुरुवात नको. घरी दोन-तीन पाळ्या सराव लागतो, आणि फायब्रॉइड असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, पण खालचं लिखाण तपासणीला पर्याय नाही हे आधीच सांगतो.

"गणपतीत घेतोच, तसंच इथे" असं नसतं, हे नणंदबाईंना सांगा. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे गणित नियमित पाळीवर बसतं. तुमची तारीखच पक्की नाही, त्यामुळे गोळ्या चालू असताना मध्येच डाग लागणं किंवा अंगावरून जाणं हे होऊ शकतं. दुसरं म्हणजे विमानात तासन्‌तास बसण्याने पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतोच. त्यात वय, वजन, सिगरेट, अर्धशिशी, घरात कोणाला गुठळीचा त्रास, यातलं काही असेल तर ही गोळी मेडिकलमधून परस्पर घेणं अजिबात योग्य नाही. तुमच्या गायनॅकना भेटा. पुढे ढकलण्यापेक्षा रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचा पर्याय त्या कदाचित सुचवतील. जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. इतकं जात असताना ते कमी असलं तर देवळांच्या पायऱ्या चढताना धाप लागेल आणि तुम्ही दोष वयाला द्याल.

औषधं नेताना: डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी एका महिन्यापुरती नेली तर जपानमध्ये साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. मूळ पाकिटात ठेवा, चिठ्ठी सोबत ठेवा. काही औषधांवर तिथे कडक बंदी आहे, म्हणून घरातला सर्दी-खोकल्याचा डबा उचलून बॅगेत ओतू नका.

तासाला एक मोठं पॅड भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, किंवा चक्कर येतेय, तर "थांबेल थोड्या वेळात" म्हणत बसायचं नाही. ॲम्ब्युलन्सचा नंबर ११९. प्रवास विमा घेताना फायब्रॉइड लपवू नका, आधीपासूनचे आजार त्यात बसतात का हे लेखी विचारून घ्या.

तांबडीमाती

डॉक्टर, धन्यवाद. नणंदेला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. "बरं, नको घेऊस" असं उत्तर आलंय, सोबत रागावलेला चेहरा. गायनॅककडे नंबर लावलाय. कुंडातल्या अंघोळीचं कोणी सांगेल का?

निळी_छत्री

पाळीत सामायिक ओनसेनमध्ये, म्हणजे त्या गरम पाण्याच्या कुंडात, उतरत नाहीत, हा तिथला शिष्टाचारच आहे. टॅम्पॉन किंवा कप वापरून काहीजणी जातात, पण मला विचाराल तर नको. तिथे अंगावर कपडा ठेवायचा नसतो आणि पाण्यात टॉवेलही बुडवायचा नसतो. इतकं जाताना मनावर ताण घेऊन कशाला उतरायचं? त्याऐवजी हॉटेलला आधीच विचारून ठेवा की खासगी कुंड तासाभरासाठी मिळतं का. त्याला 'काशिकिरी' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे भरून मिळतं. पाळी लांबली तर तिथे तुम्ही चौघीच जाऊ शकता. भाचीला परक्यांसमोर उघडं व्हायचं संकट वाटत असेल तर तिचीही सोय होईल. आणि पाळी आलीच तर बाहेर पाय बुडवून बसायची छोटी कुंडं असतात, हाकोनेला आहेत, तिथे बसा. त्यावर कोणाचं काही म्हणणं नसतं.

खडीसाखर

पुरुष आयडी. विनोद नाही. बायकोला ओसाकात पोटात दुखायला लागलं तेव्हा उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगतो. तिथे 'कायरो' नावाची गरम होणारी पुडी मिळते. आतमध्ये लोखंडाची भुकटी असते, हवा लागली की तापते आणि कित्येक तास गरम राहते. एका बाजूला चिकट असते ती घ्यायची आणि कपड्यावर बाहेरून चिकटवायची, कातडीवर नाही, भाजतं. गरम पाण्याची पिशवी घेऊन बसमध्ये बसता येत नाही, हे मात्र शर्टाखाली कोणाला दिसतही नाही. थंडीत ती कोनबिनीत हमखास असते, एप्रिलमध्ये ड्रगस्टोअरमध्ये शोधा. वेदनाशामक गोळी मात्र आपली सवयीचीच न्या. तिथल्या दुकानातल्या गोळ्यांचा डोस बऱ्याचदा आपल्यापेक्षा कमी असतो.

दुकानात मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप वापरा, भाषा इथूनच डाउनलोड करून न्या. आणि नवऱ्याला आणायला पाठवायचं असेल तर रिकाम्या वेष्टनाचा फोटो द्या.

तांबडीमाती

खडीसाखर, नवरा इथेच राहतोय, पण फोटोची युक्ती नणंदेसाठी वापरते. शेवटचा प्रश्न, बसचा. मध्ये थांबवायला सांगायचं कसं? टूर मॅनेजर पंचविशीचा मुलगा आहे.

योकोहामाकर

इथल्या टूरच्या बसमध्ये बहुतेक वेळा संडास नसतो, पण हायवेवर ठरावीक अंतरावर सर्व्हिस एरिया असतात आणि ते अतिशय स्वच्छ असतात. साधारण दोन तासांनी बस थांबतेच. त्या दोन दिवसांत प्रत्येक थांब्यावर उतरा, गरज वाटो न वाटो. शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, टोक्यो ते क्योतो-हिरोशिमा मार्गावर संडास विषम क्रमांकाच्या डब्यांत असतात. मॅनेजरला आत्ताच सांगा की सीट विषम डब्यात किंवा त्याच्या शेजारच्या टोकाला आणि मधल्या वाटेच्या कडेची द्या.

आत्याबाई

आणि त्या मुलाला सरळ सांगायचं, "मला पाळीचा त्रास आहे, मी म्हणेन तेव्हा थांबायची सोय बघ." आढेवेढे नकोत. पंचविशीचा आहे ना, त्याच्या घरात आई-बहीण असेलच. आमच्या वेळच्या मॅनेजरला सांगितलं तर तो पोरगा दर थांब्यावर आधी उतरून बायकांचा संडास कुठल्या बाजूला आहे ते बघून यायचा. बसमध्ये पुढून दुसरी-तिसरी सीट मागून घ्या, म्हणजे उतरताना तीस जणांच्या मागे उभं राहावं लागणार नाही. गडद रंगाच्या पँट घाला, एक जास्तीची पँट आणि चड्डी पाठीवरच्या पिशवीत असू द्या, मोठ्या बॅगेत नाही, ती बसच्या पोटात असते.

तांबडीमाती

सीटसाठी आजच मेल टाकला. क्विक ड्राय शीट जावेच्या नातवाचं आहे, ते मागून घेतलंय.